पंपावरच्या आकड्याच्या पोटात

तूरडाळीचा भाव कळायला वाण्याच्या दुकानात जावं लागतं. घरभाडं किती, हे ओळखीपाळखीत विचारावं लागतं. डॉक्टरांची फी तर आधी विचारायचीही चोरी. पेट्रोलचा भाव मात्र कुणीही न विचारता समोर येतो. रस्त्याच्या कडेला, भल्या मोठ्या आकड्यांत, रात्री दिवे लावून. इतक्या ठळकपणे भाव सांगणारी दुसरी वस्तू आपल्या बाजारात शोधून सापडायची नाही. आणि हा भाव पैशापर्यंत नेमका असतो. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झालं. पण मार्च २०२४ मध्ये मुंबईतल्या पंपांवर भाव लागला होता १०४ रुपये २१ पैसे. ते वरचे २१ पैसे मोजायला देशात नाणंच उरलेलं नाही.

हा आकडा वाढला की घरोघरी चिडचिड होते आणि ती समजण्यासारखी आहे. पण क्षणभर राग बाजूला ठेवून आकडा उघडून पाहिला, तर आत काय काय निघतं? कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र निघतो, आखातातलं जहाज निघतं, डॉलर निघतो, दिल्लीतलं अर्थ मंत्रालय आणि मुंबईतलं मंत्रालय निघतं, मनमाडहून निघालेला टँकर निघतो आणि एखादा जुना दुष्काळही निघतो.

तेवीस टनांचं एक लिटर

तेल मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती आणि जीवांपासून बनलं. ते मेले, तळाशी गाळात गाडले गेले, वर थर चढत गेले आणि दाब-उष्णतेत कोट्यवधी वर्षं शिजले. त्यातला फारच थोडा भाग तेल झाला आणि त्याहून थोडा आपल्या हाती लागला. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात काम करताना जेफ्री ड्यूक्स या अभ्यासकाने २००३ मध्ये याचं गणित मांडलं. एक गॅलन पेट्रोल मिळण्यासाठी प्राचीन काळातलं सुमारे ८९ टन वनस्पतिद्रव्य खर्ची पडलं, असं त्याचं उत्तर होतं. लिटरचा हिशेब केला तर साडेतेवीस टनांच्या आसपास येतो. म्हणजे स्कूटरमध्ये दोन लिटर टाकून आपण भाजी आणायला निघतो, तेव्हा सत्तेचाळीस टन वनस्पतींचं ऊन टाकीत असतं.

म्हणूनच त्या लिटरभर द्रवात ताकदही अचाट आहे. एका लिटरमध्ये सुमारे ९ युनिट विजेएवढी ऊर्जा असते. दिवसभर अंगमेहनत करणारा माणूस आठ तासांत जेमतेम अर्धा-पाऊण युनिटाचं काम करतो. इंजिन बिचारं यातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून उडवून टाकतं, चाकापर्यंत साधारण पाव हिस्सा पोचतो. तरीही एका लिटरमागे एका माणसाची तीन-चार दिवसांची मेहनत पदरात पडते. शंभर रुपयांत चार दिवस राबणारा मजूर जगात कुठेही मिळणार नाही. पेट्रोल महाग झालं म्हणून शिव्या देणारा माणूस गाडी का सोडत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं उत्तर असं, की कामावर जायला त्याच्या गावाहून वेळेवर बस नसते.

कच्चं तेल तेवढंच, पेट्रोल निराळं

जगात तेल पिंपावर मोजतात. एक पिंप म्हणजे ४२ अमेरिकी गॅलन, सुमारे १५९ लिटर. एकोणिसाव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर लाकडी पिंपं वापरत, तेव्हापासूनचं हे माप. आज तेल पिंपांतून जात नाही, जहाजांच्या प्रचंड टाक्यांतून आणि नळांतून जातं. माप मात्र चिकटून राहिलं.

आता एक सोपा गुणाकार. २०२५ च्या मध्यावर भारत घेत असलेलं कच्चं तेल पिंपाला सुमारे ७० डॉलर होतं आणि डॉलर सुमारे ८६ रुपये. म्हणजे लिटरला ३८ रुपये. त्याच्या अकरा वर्षं मागे, मे २०१४ मध्ये जाऊ. तेव्हा तेल पिंपाला १०६-१०७ डॉलर होतं, पण डॉलर ५९ रुपयांना मिळत होता. लिटरला ४० रुपयांच्या आतबाहेर. डॉलरमधल्या भावात केवढी मोठी घसरण, आणि रुपयातला भाव मात्र जवळपास तिथल्या तिथे! आंतरराष्ट्रीय बाजारात तेल उतरलं तरी आपल्याला ते का जाणवत नाही, याचं एक कारण रुपया आहे. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो आणि त्याचे पैसे बहुतांशी डॉलरमध्ये चुकवतो.

पण गंमत पुढेच आहे. दिल्लीत पंपावर पेट्रोल मे २०१४ मध्ये ७१ रुपये ४१ पैसे होतं, २०२५ च्या मध्यावर ९४ रुपये ७७ पैसे. कच्चं तेल रुपयांत तेवढंच असताना हे तेवीस रुपये वाढले कुठे? कंपनीचा खर्च थोडा वाढला, पंपचालकाचं कमिशन वाढलं, राज्याचा करही थोडा वाढला. पण सगळ्यात मोठा तुकडा केंद्राच्या उत्पादन शुल्काचा आहे. मे २०१४ मध्ये ते लिटरला ९ रुपये ४८ पैसे होतं. एप्रिल २०२५ पासून ते २१ रुपये ९० पैसे झालं. तेवीसपैकी बारा रुपयांहून अधिक इथे सापडतात.

मुंबईचा हिशेब आणखी डोळे उघडणारा. तिथे त्याच सुमारास पेट्रोल एकशे साडेतीन रुपये होतं. राज्याचा मूल्यवर्धित कर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. हा २५ टक्के कर नुसत्या तेलावर लागत नाही. केंद्राचं शुल्क मिळवून जो आकडा येतो त्यावर लागतो. म्हणजे करावर कर. असा राज्याचा वाटा तेव्हा २४-२५ रुपयांच्या घरात जात होता. केंद्राचे २१ रुपये ९० पैसे धरले, तर शंभरच्या नोटेतले पंचेचाळीस रुपये सरकारकडे जात होते.

त्या २१ रुपये ९० पैशांतही एक चमत्कारिक भानगड आहे. केंद्राच्या करातला ४१ टक्के हिस्सा राज्यांना द्यावा, असं पंधराव्या वित्त आयोगाने सांगितलं. पण उपकर आणि अधिभार वाटून घ्यायचे नसतात. आणि २०२५ मध्ये पेट्रोलवरच्या शुल्कात मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे होतं. बाकी सगळं विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर, कृषी पायाभूत उपकर अशा नावांनी जमा होत होतं. त्यामुळे लिटरमागे सगळ्या राज्यांना मिळून वाटून मिळत होते साधारण ५७ पैसे. मग राज्यं आपला कर का सोडत नाहीत, हे कोडं उरत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा राज्यांचे बहुतेक कर त्यात विरघळले. पेट्रोल, डिझेल आणि दारू बाहेर राहिली. तिजोरीत चणचण भासली की राज्याचा हात साहजिकच इकडे वळतो.

तेल उणे, पेट्रोल जसंच्या तसं

२० एप्रिल २०२० हा दिवस तेलाच्या इतिहासात विसरला जाणार नाही. टाळेबंदीने जगाची चाकं थांबली होती, अमेरिकेत ओक्लाहोमातल्या कुशिंग इथल्या साठवण टाक्या भरत आल्या होत्या आणि मे महिन्याच्या सौद्यांची मुदत संपत होती. ज्यांच्याकडे सौदे होते त्यांना तेल ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७ डॉलर ६३ सेंटवर बंद झाला. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या!

त्या महिन्यात दिल्लीत पेट्रोल किती होतं? ६९ रुपये ५९ पैसे. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कंपन्यांनी भाव हलवलाच नाही. दरम्यान केंद्राने मार्चमध्ये ३ रुपये आणि मेच्या सुरुवातीला एकदम १० रुपये शुल्क वाढवलं. पंपावर त्याची झळ लागली नाही, कारण तेल जेवढं उतरलं होतं तेवढ्या जागेत कर बसवला गेला. महसूल आटलेला, खर्च वाढलेला, त्या संकटात सरकारला पैसा हवाच होता. हा युक्तिवाद खोटा नाही. पण पुढे जग पूर्वपदावर आलं, तेल चढू लागलं, आणि करही आता वरच्याच पायरीवर होता. ७ जून २०२० पासून भाव रोज सरकू लागला. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला दिल्लीत ते ११० रुपये ४ पैशांवर होतं. दीड वर्षात ५८ टक्के वाढ, आणि तीही घरोघरी पगार कापले गेले, दुकानं बंद पडली, त्या काळात.

चढताना झरझर आणि उतरताना रेंगाळत, हा पेट्रोलचा स्वभाव जगभर सारखाच दिसतो. ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या भावांचा अभ्यास करून रॉबर्ट बेकन यांनी १९९१ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि शीर्षकातच भावाला दोन नावं दिली: चढताना अग्निबाण, उतरताना पीस. आपल्याकडे अग्निबाण आणि पीस यांच्यात तिसरी एक अवस्था आहे, ती म्हणजे गोठणं.

कागदोपत्री पेट्रोलचा भाव जून २०१० मध्येच मोकळा झाला, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा भाव लागू करायची पद्धत आली. बाजार चालेल तसा भाव चालेल, अशी कल्पना. पण २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढचे १३७ दिवस तो हललाच नाही. दरम्यान उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेल शंभर डॉलरच्या वर गेलं. निकाल लागल्यावर, २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत चौदा वेळा भाव वाढला, एकूण दहा रुपये. मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैशांवर पोचलं. मग तो पुन्हा गोठला. मे २०२२ मध्ये केंद्राने ८ रुपये शुल्क कमी केलं, जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने ५ रुपये. मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, कंपन्यांनी २ रुपये उतरवले.

या गोठण्याचे पैसे कुणी दिले? आधी कंपन्यांनी. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहा महिन्यांत तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना मिळून २१ हजार कोटींहून अधिक तोटा झाला. नंतर तेल उतरलं, पंपावरचा भाव तसाच राहिला आणि २०२३-२४ मध्ये याच कंपन्यांचा नफा ८० हजार कोटींच्या पुढे गेला. महागाईपासून आपल्याला आडोसा मिळाला खरा. त्याचं भाडं मागाहून वसूल झालं.

परभणी महाग, पेडणे स्वस्त

महाराष्ट्रात सगळ्यात महाग पेट्रोल कुठे, याचं उत्तर अनेकदा परभणी असं येतं. मुंबईत ट्रॉम्बे-माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांतून इंधन नळाने मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत पोचतं आणि तिथून टँकरने मराठवाड्यात. मनमाड ते परभणी रेल्वेमार्गाने मोजलं तरी तीनशे किलोमीटरच्या जवळपास. आखातातून समुद्र ओलांडून तेल मुंबईला येतं, त्याचं कुणाला ओझं वाटत नाही. शेवटच्या तीनशे किलोमीटरचं मात्र परभणीकराच्या खिशातून निघतं. ज्या जिल्ह्यात दरडोई उत्पन्न कमी, तिथेच लिटर महाग!

उलट सिंधुदुर्गात राहणाऱ्याला राज्याची हद्द फळते. मार्च २०१२ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर थेट ०.१ टक्क्यावर आणला आणि २ एप्रिलपासून तिथे पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरलं. पुढे हा कर टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढला. तरी सावंतवाडी-बांद्याकडची गाडी गोव्यातल्या पेडण्याला गेली की टाकी भरूनच परतते. तेल तेच, जहाज तेच, फरक फक्त विधानसभेचा.

आणि तो दुष्काळ? २०१५ च्या पावसाने दगा दिला तेव्हा राज्य सरकारने दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये जादा घ्यायला सुरुवात केली. मराठवाड्यातल्या वस्तीवर पाण्याचा टँकर पोचवायचा पैसा असा पुण्या-मुंबईतल्या दुचाकींच्या टाकीतून उभा राहिला. हेतूत खोट काढता येणार नाही. पण पेट्रोल भरताना आपण दुष्काळासाठीही पैसे देतो आहोत, हे किती जणांना ठाऊक होतं?

राग कुठून येतो

आता एक अवघड प्रश्न. मे २०१४ ते २०२५ च्या मध्यापर्यंत दिल्लीतलं पेट्रोल ३३ टक्क्यांनी वाढलं. त्याच काळात देशातल्या एकूण किरकोळ भावांचा निर्देशांक दीडपटीहून अधिक झाला. म्हणजे डाळ, दवाखाना, शाळेची फी यांच्या तुलनेत पेट्रोल उलट स्वस्तच झालं! मग सगळा राग पेट्रोलवरच का?

एक कारण म्हणजे शाळेची फी वर्षातून एकदा-दोनदा भरतो, पेट्रोल आठवड्याला. आणि आपण ते लिटरवर घेतच नाही. ‘शंभरचं टाक’ म्हणतो. दिल्लीत २०१४ मध्ये शंभरात १ लिटर ४०० मिलिलिटर येत होतं, २०२५ च्या मध्यावर १ लिटर ५५ मिलिलिटर. नोट तीच, काटा अलीकडेच थांबतो. दुसरं कारण, वाढ सावकाश झाली नाही. मोठा हिस्सा दीड वर्षात अंगावर आला.

तिसरं कारण थेट घरखर्चाच्या वहीत आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत शहरी भागात दरमहा दरडोई खर्च ६,४५९ रुपये निघाला आणि त्यातला साडेआठ टक्क्यांच्या आसपास वाटा प्रवासाचा होता. चौघांच्या घरात महिन्याला साधारण बावीसशे रुपये. महिन्याला पंधरा लिटर जाळणाऱ्या घराला लिटरमागे दहा रुपयांची वाढ दीडशे रुपयांना पडते. दीडशेने घर बुडत नाही. पण डिझेल सोबतच वाढतं, आणि डिझेलवर लासलगावचा कांदा वाशीला येतो, एसटी धावते, शेतात ट्रॅक्टर चालतो. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. फेब्रुवारीत मुंबईच्या रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ झालं. रिक्षा सीएनजीवर चालते हे खरं, पण भाडं एकदा चढलं की इंधन उतरूनही ते खाली येत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. गृहिणीच्या वहीत पेट्रोल एकाच ओळीत लिहिलेलं असलं, तरी ते दहा ओळींत पसरलेलं असतं.

म्हणून हा राग जुना आहे आणि जगभरचा आहे. मुंबईत १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. धान्य, साखर, तेल, रॉकेल यांच्यासाठी बायका हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं, पिंपाचा भाव काही महिन्यांत सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला आणि १२ नोव्हेंबर १९७३ ला पेट्रोल-रॉकेलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समध्ये इंधनावरच्या कराविरुद्ध लोक पिवळी जाकिटं घालून चौकाचौकांत उभे राहिले. ती जाकिटं त्यांना शोधावी लागली नाहीत. प्रत्येक गाडीत असं जाकीट ठेवण्याची सक्ती सरकारनेच केलेली होती.

योगायोग असा, की त्या १९७३ च्या धक्क्यानंतर काहीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या जहाजाला तेल लागलं. बॉम्बे हाय! आता आपलं तेल आपल्याला पुरेल, अशी आशा तेव्हा अनेकांना वाटली. तेलाची भूक मात्र विहिरींपेक्षा वेगाने वाढली.

हिशेब मागायला हवा

पंपावरचा आकडा पावसासारखा आभाळातून पडत नाही. त्यातला तेलाचा आणि डॉलरचा भाग आपल्या हाती नाही. तो आखातात आणि न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारांत ठरतो. उरलेला भाग माणसं ठरवतात, ती आपण निवडून दिलेली असतात आणि त्यांचे निर्णय रस्ता, दुष्काळ, निवडणूक, तूट अशा कारणांनी होतात. यातली काही कारणं रास्त आहेत, काही नाहीत. पण रास्त कोणती हे ठरवायला आधी हिशेब दिसला पाहिजे.

वीजबिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क अशा ओळी वेगवेगळ्या छापलेल्या असतात. पेट्रोलच्या पावतीवर लिटर, दर आणि एकूण रक्कम एवढंच असतं. तेल किती, केंद्र किती, राज्य किती, पंपचालक किती, या चार ओळी छापायला नवं यंत्र लागत नाही. हे आकडे सरकारी कंपन्यांकडे रोज तयार असतात. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला ‘पेट्रोल स्वस्त करणार का’ असं विचारू नका. त्याला काहीही उत्तर देता येतं. या चार ओळी पावतीवर छापून आणणार का, आणि त्यातली तुमची ओळ किती कमी करणार, हे विचारा.